कलबूत

दर गुरुवारी येते हिलक्का, माझी नखं कापायला.
पाय कोमट पाण्यात ठेवून घेते, मग कात्री.
आज तिनं विचारलं, आजोबा,
ही बोटं अशी एकावर एक कशी चढली?
मी म्हटलं, बूट लहान होते.
लहानपणी ना?
नाही गं. एकोणिसाव्या वर्षी.

अठरा सालची गोष्ट.
शाळेच्या पुस्तकात त्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणायचे,
कामगारांच्या वस्तीत वेगळंच काही.
आमची आई नुसतं 'ते साल' म्हणायची,
शेजारी मयत असावं तसा आवाज खाली करून.

मी पांढऱ्यांकडचा.
म्हणजे दंडावर पांढरी फीत होती,
आईनंच पिठाचं पोतं फाडून शिवलेली.
गिरणीच्या नावाचं अर्धं अक्षर दिसायचं तिच्यावर.
समोरच्यांची फीत लाल.
त्यांचं कापड बरं होतं आमच्यापेक्षा.

मार्च महिना, टाम्पेरेच्या उत्तरेला.
तळं इतकं गोठलेलं की वरून तोफगाडी जायची.
रात्री बर्फ कण्हायचं. खरंच कण्हायचं,
दिवस भरलेली गाय कूस बदलताना कण्हते तसं.
माझे जोडे बर्चच्या सालीचे, विणलेले,
दुसऱ्याच आठवड्यात उसवले.

तो कुंपणापाशी पडला होता.
एक हात वर,
वर्गात उत्तर येत असल्यासारखा.
मी नव्हतं मारलं त्याला.
मारलंही असेल.
आम्ही चौदा जण झाडांच्या दिशेनं गोळ्या झाडत होतो,
कुणाची कुठं गेली
हे आता तळ्याला विचार.

पाय ताठलेले. बूट निघेनात.
दुसरा निघाला तेव्हा मी मागच्या मागे पडलो, बर्फात,
बूट छातीशी धरून.
सोबतचे हसले.
मीही हसलो.
हिलक्का, ते हसणं लिहून ठेव कुठंतरी,
बाकीचं सगळं लोकांना माहीत आहे.

एक नंबर लहान होते.
तरी त्यातच टाम्पेरेत शिरलो, त्यातच घरी आलो,
त्यातच नांगरट केली तीन हंगाम.
चौथ्या वर्षी सोल गेला.
बहिणीच्या सासरी एक चांभार होता, तोपियास नावाचा.
हात चांगला आहे, असं सगळे सांगायचे.

त्यानं बूट घेतला, उलटा केला,
टाचेच्या आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला.
पुन्हा फिरवला.
मग माझ्या पायांकडे पाहिलं.
तोंडाकडे नाही.
शनिवारी या, म्हणाला.

मागच्या भिंतीवर कलबुतं टांगलेली,
गावातल्या सगळ्यांच्या पायांची, लाकडी,
प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव.
एकावर धूळ नव्हती.
मी नाव वाचलं.
आडनाव पाटीवरचंच होतं.

शनिवारी गेलो.
जायला नको होतं, पण दुसरे बूट नव्हते.
नवा सोल, नव्या नाड्या, चरबी चोळून चकाकी.
किती झाले?
चार मार्क, म्हणाला. मी मोजून दिले, त्यानं मोजून घेतले.
एवढंच बोलणं.
दाराची घंटा तेवढी दोनदा वाजली,
एकदा उघडताना, एकदा लावताना.

वेशीबाहेर येऊन बूट घातले
आणि उभाच राहिलो.
चावत नव्हते.
म्हाताऱ्यानं भिजवून, ताणून, रात्र रात्र फळीवर ठोकून
ते माझ्या मापाचे केले होते.
मापही घेतलं नव्हतं त्यानं.
नुसतं पाहिलं होतं.

बोटं तोवर वाकडी झालेलीच होती.
त्यानंतर ते बूट कधी घातले नाहीत,
आणि टाकलेही नाहीत.
युद्धं पुढं आणखी झाली, मोठी,
त्यातल्या एकाचं पदकही आहे बघ त्या खणात,
त्याच्याबद्दल विचार, सांगतो.

हिलक्काची कात्री थांबलेली.
नाव काय होतं त्याचं? ती विचारते.

पाणी गार झालंय, मी म्हणतो.

ती उठून किटली आणते.